फियाटचं कार्पेट आणि उस्मानभाईंचं नाक

कापूरहोळला हायवे सोडून भोरकडे वळलं की पंक्चरचं दुकान, त्याला चिकटून रसवंती आणि रसवंतीला चिकटून उस्मान अत्तार यांचं कुशनचं दुकान. गाडीच्या आतलं जे जे मऊ असतं ते सगळं उस्मानभाईंच्या अखत्यारीत: सीट, छताचं कापड, दाराचे पुठ्ठे आणि पायाखालचं कार्पेट. गाडीच्या बाहेरच्या अंगाशी त्यांना कर्तव्य नव्हतं, आणि इंजिनाबद्दल तर त्यांच्या मनात थोडी तुच्छताच होती. इंजिन काय, कुणीही बघतं, असं ते म्हणत.

गाडी दारात आली की ते तिच्याकडे बघत नसत आणि मालकाशी बोलतही नसत. चप्पल काढत, मागचं दार उघडत, डोकं आत घालत, डोळे मिटत आणि एक लांब श्वास घेत. मग डोकं बाहेर काढून निकाल सांगत. "डिकीच्या रबरातनं पानी येतंय." "कार्पेटखाली दूध सांडलंय, पर जुनं हाय." एकदा शिवऱ्याच्या एका बागायतदाराला त्यांनी सांगितलं, "पुढच्या सीटखाली उंदीर मेलाय, आन् तो एकटा न्हाई." सीट काढली तर दोन निघाले. तेव्हापासून त्या नाकाचा बोलबाला पार शिरवळपर्यंत झाला. जुनी गाडी घ्यायची तर लोक मेकॅनिकच्या आधी ती उस्मानभाईंच्या नाकाखालून काढत. त्यांनी "घ्या" म्हटलं की सौदा पक्का.

हे नाक वडिलांनी घडवलेलं. वडील भोरच्या आठवडे बाजारात अत्तराच्या कुप्या, ऊद, कुंकू आणि पोतीचे मणी घेऊन बसत. धाकट्या उस्मानच्या डोळ्यांवर फडकं बांधून ते एकेक कुपी त्याच्या नाकाखाली धरत, आणि नाव चुकलं की टपली मारत. पोरगं पुढे अत्तर सोडून रेक्झिनमध्ये शिरलं याचं त्यांना वाईट वाटलं, पण नाक वाया गेलं नाही एवढं समाधान घेऊन ते गेले.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत उस्मानभाईंना ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला तो नाक घेऊनच. महिन्याभरात येईल वास परत, असं डॉक्टर म्हणाले. महिना झाला, वर्ष झालं. उस्मानभाईंनी कांदा फोडून बघितला, लसूण ठेचून बघितली, पेट्रोलचं फडकं नाकाला लावून बघितलं. शेवटी वडिलांच्या वेळची हिन्याची एकुलती कुपी काढली, तिचं बूच उघडलं आणि ती पाण्याची बाटली असावी तशी नाकाखाली धरून बसले. त्या दिवशी ते दुकानाच्या मागे जाऊन रडले. बाप दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांना वाटलं.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. पप्पू पंक्चरवाल्याला नाही, गिऱ्हाइकांना नाही, घरी नूरजहाँलाही नाही. गाडी आली की चप्पल, दार, डोकं, डोळे, सगळं पहिल्यासारखं. फक्त श्वासाच्या जागी आता ते मनातल्या मनात एक ते दहा आकडे मोजत. डोकं आत असताना हात गुपचूप कार्पेट चाचपत असे. चाळीस वर्षं कापड ओढलेल्या बोटांना ओल कळते, आणि गाड्या काय, ठरल्या जागीच गळतात. निकाल बहुतेक बरोबर येत. कधी चुकलाच तर गिऱ्हाईक म्हणे, "आमच्याच नाकाला कळंना झालंय." नाव मोठं असलं की एवढी सोय असते.

असं पाचवं वर्ष चालू होतं. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा संपत ढेबे फियाट घेऊन आला.

संपतचं पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, ट्रेकवाल्यांसाठी पिठलं-भाकरीचं भोजनालय. घर वरच्या वाडीत, तिथे आईची मेंढरं आणि शेळ्या. वडील गेनूबा सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी म्हातारपणी गाडी चालवणं आणि चालवून घेणं दोन्ही सोडलं तेव्हा फियाट गेनूबांना देऊन टाकली. गेनूबा होते तोवर त्या पांढऱ्या गाडीवर धुळीची बसायची टाप नव्हती. ते गेले आणि गाडी भोजनालयामागच्या गळक्या पत्र्याच्या शेडात अकरा वर्षं उभी राहिली. शेडात शेळ्या होत्या. गाडीचं एक दार नीट लागत नव्हतं. पुढचं शेळ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

"उस्मानभाई, विंजान चालू झालंय," संपत म्हणाला. "आता आतनं नवी करून द्या. पुन्याची पोरं-पोरी लग्नाआधी फोटो काढाया गडाखाली येत्यात. त्यास्नी जुनी गाडी लई आवडती. एक जोडपं ठरलंय बी. ह्यांचं चांगलं झालं तर मोबाईलवर समदीकडं फोटो जात्यात, मग रांग लागंल. न्हाईतर भाकऱ्याच थापायच्या जलमभर."

मागच्या सीटवर त्याची आई कमळाबाई बसली होती. मांडीवर कसलीतरी जाड गुंडाळी घेऊन ती समोर बघत होती, एसटीत बसल्यासारखी.

उस्मानभाईंनी चप्पल काढली. कमळाबाई उतरली. त्यांनी डोकं आत घातलं, दहापर्यंत मोजलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "शेळी."

संपतने मान डोलावली. नाक म्हणजे नाक, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. कार्पेटवर लेंड्या पडलेल्या होत्या, पण त्याचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

सीट काढल्या. जुनं कार्पेट निघालं ते तुकड्यातुकड्यांनी, भिजलेल्या पापडासारखं. त्याखालचा नमदा, म्हणजे पायाला मऊ लागावं आणि इंजिनाचा आवाज अडावा म्हणून घालतात तो जाड थर, त्याचा नुसता भुगा झाला होता. पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पत्रा गंजाने खाल्ला होता. "शेळीचं मूत," उस्मानभाई म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. पूर्वीचे उस्मानभाई लागले नसते. शेळी काय एकच कोपरा धरून अकरा वर्षं मुतत नाही. त्यांनी पत्र्याजवळ नाक नेलं असतं आणि पाण्याचा गंज की मुताचा गंज हे उभ्या उभ्या सांगितलं असतं. आता त्यांनी पत्रा घासून घेतला, शेजारच्या वेल्डरकडून ठिगळ मारून घेतलं, वर रंग दिला आणि विषय मिटवला.

नमदा आणायचा विषय निघाला तेव्हा कमळाबाईने गुंडाळी पुढे केली.

"बाजारचा नमदा नगं. ह्ये घाला. घरचं जेन हाय, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं. ह्यांची गाडी हाय ती. ह्यांच्या गाडीत बाजारचं कशाला?"

जेन म्हणजे लोकर भिजवून, दाबून, तुडवून केलेलं जाड अंथरूण. उस्मानभाईंनी त्यावरून तळवा फिरवला आणि मनातून खूश झाले. बाजारातला नमदा चिंध्यांचा असतो, हे तर तळहाताला उलट दाबत होतं.

"धुतलंय न्हवं?"

"व्हय तर! गेल्या साली वढ्यावर धुतलंय."

संपतला जेन फारसं पटलेलं दिसत नव्हतं. "उस्मानभाई, तुमी वास घ्या," तो म्हणाला. "तुमी म्हनला तर घालू."

उस्मानभाईंनी जेन दोन्ही हातांनी उचललं, तोंडाजवळ नेलं, डोळे मिटले. सहा, सात, आठ. कमळाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. नऊ, दहा.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

मग चार दिवस त्यांनी असं काम केलं की बघणाऱ्याने चहा विसरावा. जुन्या कार्पेटचे तुकडे फरशीवर जोडून त्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे कापले, फर्मे गाडीत बसवून बघितले आणि जिथे जुनं कार्पेट आटलं होतं तिथे बोटभर वाढवले. नवीन कार्पेट गडद तांबडं. ते उलटं पसरून खडूने आखलं, कात्री मारली. गाडीच्या मधोमध जो लांब उंचवटा असतो तिथे नवशिका कारागीर चुण्या पाडतो. उस्मानभाईंनी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि गरम कार्पेट दोन्ही हातांनी दाबत, ओढत, आंजारत-गोंजारत त्या उंचवट्यावर असं बसवलं की कुठे सुरकुती शोधून सापडेना. पेडलच्या जागा अगदी शेवटी कापल्या, कारण कापलेलं परत जोडता येत नाही आणि हे लक्षात ठेवणं म्हणजेच निम्मा धंदा. तुकडे पिशवीत घालून ते स्कूटरवरून भोरला घरी नेत आणि नूरजहाँ घरच्या मशीनवर त्यांच्या कडांना पट्टी मारून देई. ही वाटणी तीस वर्षांची. दुकानात मात्र नूरजहाँ कधी आली नव्हती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

गाडी न्यायला मायलेक आले तेव्हा कमळाबाईने वहाणा बाहेर काढून आत पाय ठेवला. "पाय बुडत्यात की," ती म्हणाली. गेनूबांच्या हयातीत ती त्या गाडीत तीनदा बसली होती आणि तिन्ही वेळा दवाखान्याला जायला. संपतने विचारलं, "वास?" उस्मानभाईंनी डोकं आत घालून दहा मोजले. "काय न्हाई," ते म्हणाले. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

पंधरवड्याने संपत परत आला. बरोबर आई होती. तोंडं दोघांचीही फुगलेली, पण वेगवेगळ्या दिशांना. संपतने गाडी दुकानासमोर आडवी लावली आणि पप्पूसकट सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात झालेलं सांगितलं.

झालं असं होतं. पुण्याचं जोडपं यायच्या दिवशी संपतने सकाळी पाइप लावून तासभर फियाट धुतली. काचा बंद केल्या आणि गाडी उन्हात ठेवली. अकराला जोडपं आलं. मुलीचं नाव वैष्णवी. पांढराशुभ्र पायघोळ झगा, तो उचलून धरायला दोन मैत्रिणी. झगा आत कोंबायलाच पाच मिनिटं गेली. दार लागलं. फोटोवाला म्हणाला, हसा. वैष्णवीने दार उघडलं आणि झग्यासकट बाहेर आली.

"आत कुठलं जनावर आहे का?" तिने विचारलं.

नवरदेवाने सीटखाली वाकून बघितलं. जनावर नव्हतं, पण नवरदेवही लगेच बाहेर आला. शेवटी जोडप्याचे फोटो निघाले ते गडाच्या बुरुजाकडे तोंड करून, गाडी लांब, धूसर, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

"पोरगी म्हनली, मैत्रिनींना सांगते," संपत म्हणाला. "काय सांगनार ते बी कळलंच."

"पुन्याची नाकं ती," कमळाबाई म्हणाली. "गाडीत काय बी वास न्हाई. म्या तासभर बसून बघितलं."

"आये, तू जलमभर मेंढरात हाईस. तुला काय कळनार?" संपत उस्मानभाईंकडे वळला. "उस्मानभाई, तुमी जेनाचा वास घेतलावता न्हवं? गाडी देताना बी घेतला. मग आता बी घ्या आन् समद्यांम्होरं सांगा. वास हाय का न्हाई?"

रसवंतीवाल्याने मशीन बंद केलं. पप्पू हातातली ट्यूब पाण्यात तशीच धरून उभा राहिला. शिवऱ्याचा एक माणूस जुनी जीप दाखवायला आला होता, तोही उतरून पुढे झाला. उस्मानभाईंनी चप्पल काढली, दार उघडलं, डोकं आत घातलं.

एक. दोन. हात कार्पेटवर फिरला, पण ते चारपदरी, चांगलं जाड कार्पेट, वरून कोरडंठाक. बोटांनी काही सांगितलं नाही. हो म्हणावं तर म्हातारीचं जेन भर नाक्यावर नासतं. नाही म्हणावं तर पोराचा धंदा उभा राहायच्या आधीच बसतो. आणि दोन्हींतलं खरं काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दहा झाले, वीस झाले. तांबड्या कार्पेटवर त्यांना आपल्याच हाताचं काम दिसत होतं, एक चुणी नाही, आणि लाजेने त्यांचे कान गरम झाले.

"येतोय का?" मागून कमळाबाईने विचारलं.

उस्मानभाई बाहेर आले. "मला कळत न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"कशाचाच वास येत न्हाई मला. कोरोनापासनं. पाचवं वरीस हाय."

हायवेवरून एक ट्रेलर गेला, तो पुरता जाईपर्यंत सगळे थांबले.

"मग माझ्या गाडीचा वास घेतला कुनी?" संपतने विचारलं.

"कुनीच न्हाई."

पप्पूने मान खाली घालून ट्यूब पिळायला घेतली, जी पिळायची नसते. गेल्या पाच वर्षांत त्याने स्वतः दोन गाड्या या नाकाच्या भरवशावर घेतल्या होत्या. आता तो शिव्या देईल, असं उस्मानभाईंना वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं असंही वाटलं. भर रस्त्यात कुणीतरी अंगावरचे कपडे उतरवून घ्यावेत तसे ते उभे होते.

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि नूरजहाँला लावला. "दुकानात ये," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई, तब्बेत बरी हाय. तू ये."

नूरजहाँ भोरहून एसटीने आली. हातात पिशवी होती. उतरताना तिने गर्दी बघितली, गाडी बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं. उस्मानभाईंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. वास येत नाही हे सांगताना ते जमिनीकडे बघत होते. नूरजहाँला धक्का बसल्याचं काही दिसलं नाही. तिने पिशवी स्टुलावर ठेवली, चप्पल काढली, मागचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि डोळे मिटले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं नाकही काही घडवलेलं नव्हतं. साधंच होतं, पण चालू होतं.

"शेळी न्हाई," ती आतूनच म्हणाली. "मेंढरू. ल्हान हाय." मग पुढचं दार उघडून वाकली. "हितं जास्ती हाय. डावीकडं. वल आलीया."

"कोकरं निजायची त्याच्यावर," कमळाबाई म्हणाली. "धुतल्यावर हिवाळाभर त्यास्नीच अंथरलं व्हतं. पर कोकरांचा कसला आलाय वास?"

उस्मानभाईंनी पुढच्या डाव्या कोपऱ्यातलं कार्पेट उचललं. खालचं जेन दाबलं तर बोटांमधून पाणी आलं. संपतने बाटली आणून समोरच्या काचेवर ओतली, आणि सगळ्यांच्या देखत काचेच्या जुन्या रबराखालून पाण्याची धार आत उतरली. अकरा वर्षं ती तिथूनच उतरत होती. शेळ्या निर्दोष होत्या. जेन कोरडं होतं तोवर कमळाबाईचं खरं होतं आणि भिजल्यावर वैष्णवीचं.

"रबर बदलतो," उस्मानभाई म्हणाले. "कार्पेट काढून पुन्हा बसवतो. जेन काढून देतो, नमदा टाकतो. चूक माझी हाय. हा गंज बघून मला कळाया पायजे हुतं."

संपतचा राग अजून उतरला नव्हता. "दुसरं जोडपं आईतवारी येतंय," तो म्हणाला. "त्याच्या आत द्या. आन् ह्या बाई हो म्हनल्याबिगर म्या गाडी नेनार न्हाई." कमळाबाई उघड्या दाराशी जाऊन उभी राहिली. गेनूबांच्या गाडीतून तिचं जेन बाहेर निघत होतं आणि ते तिला लागलं होतं. उस्मानभाईंनी ओलं जेन स्वतः पिळलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिलं. "काम एक नंबर हाय, मावशी," ते म्हणाले. "हाताला कळतंय." तिने ते काखेत मारलं.

लोक पांगले. उस्मानभाई फियाटच्या उघड्या दारात बसले. नूरजहाँ शेजारी उभी होती.

"अजून कसला वास हाय आत?" त्यांनी विचारलं. धंद्यासाठी नाही, नुसतं विचारलं.

नूरजहाँने पुन्हा श्वास घेतला. "नव्या कार्पेटचा. गोणपाटासारखा. तुमच्या चिकटवायच्या सोल्युशनचा. संपत बिडी वढतो, त्याचा. सीटमदी कुटंतरी जुन्या तपकिरीचा." ती थोडी थांबली. "आन् तुमचा."

"माजा? माजा कसला?"

"घामाचा. सोल्युशन मिसळून. लई उग्र असतो."

उस्मानभाईंनी स्वतःचं मनगट नाकाशी नेलं आणि उगाच खाली घेतलं. "कवापासनं?"

"तुमचा ताप गेल्यापासनं. आदी सोताला कळायचं, दुपारीच हातपाय धुवून यायचा. मग ते बंद झालं. तवाच म्या वळकलं. तुमी सांगंना, मग म्या तरी कशापायी इचारू?" तिने फियाटच्या दाराची कड पदराने उगाच पुसली. "सकाळी खुंटीला रोज धुतलेला शर्ट आसतो, त्यो कोन लावतं?"

पाच वर्षं आपण कुणाला पत्ता लागू दिला नाही, असं उस्मानभाई धरून चालले होते. डोळे भरून आले आणि या वेळी दुकानाच्या मागे जायचं त्यांना सुचलंही नाही.

शिवऱ्याचा माणूस अजून जीपजवळ ताटकळत होता. तो दोन पावलं पुढे आला आणि घसा खाकरून म्हणाला, "गाडीचा वास घ्यायचा व्हता. ह्या बाईंनी घेतला तरी चालंल."

नूरजहाँने स्टुलावरची पिशवी उघडली आणि इस्त्रीचा शर्ट काढून नवऱ्यापुढे धरला.

"येताना आनलाय," ती म्हणाली. "बदला. गिऱ्हाईक हुबं हाय."